केमिकल कुठलं मारू, हा प्रश्न तिसरा

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देते: "ताई, मी आणि बायको मिळून घर स्वतःच बांधतोय, कॉन्ट्रॅक्टर लावलेला नाही. हॉल आणि एका बेडरूमच्या जमिनीचं काँक्रीट टाकून झालंय, ४ इंच. हॉलमध्ये खाली प्लास्टिक अंथरलं होतं, बेडरूमच्या वेळी संपलं म्हणून तसंच टाकलं. आता बेडरूमची जमीन कायम गार लागते, काही दिवशी तर ओलसर असते आणि भिंतीच्या कडेला पांढरी पावडर येते. एक मिस्त्री म्हणतो वरून वॉटरप्रूफ केमिकल मारा आणि लॅमिनेट टाकून मोकळे व्हा, दुसरा म्हणतो थर्माकोल टाका सगळं बंद होईल. लॅमिनेट आणून ठेवलंय. दुसरी बेडरूम आणि बाथरूम अजून बाकी आहेत. कुठलं केमिकल चांगलं तेवढं सांगा."

भाऊ, तेवढंच सांगून भागलं असतं तर पत्र छापायलाच घेतलं नसतं. केमिकल कुठलं हा तिसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे पाणी येतंय कुठून, दुसरा म्हणजे ते बाहेरच्या बाहेर थांबवता येतंय का, आणि मग केमिकल. तुमचे दोन्ही मिस्त्री थेट उत्तरावर गेलेत, प्रश्न कोणी विचारलाच नाही. आणि पाणी अडवणं वेगळं, गारवा अडवणं वेगळं, ही दोन कामं आहेत. थर्माकोलने ओल थांबेल आणि केमिकलने गारवा जाईल असं धरून चाललात तर दोन्हीकडून फसाल.

जमिनीवर ओल दिसण्याची कारणं तशी मोजकीच असतात. खालच्या मातीतलं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं, त्याला खालून दाब लागत नाही. दुसरं म्हणजे मातीतली वाफ, ती डोळ्यांना दिसत नाही पण काँक्रीटमधून आरपार येते आणि वर लॅमिनेट नाहीतर रबरी चटई असली की तिच्याखाली अडकून पाणी होते. तिसरं, हवेतलीच वाफ गार जमिनीवर जमते. चौथं म्हणजे काँक्रीट नवीन आहे आणि त्यात कालवलेलं पाणीच अजून बाहेर पडतंय. आणि पाचवं, जे शेवटी आठवतं, पाइप गळतोय.

तुमच्याकडे यातलं एक तर नक्की आहे, ते पांढऱ्या पावडरनेच सांगून टाकलंय. तो लोणा आहे, म्हणजे क्षार. पाणी काँक्रीटमधून किंवा भिंतीतून येताना क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हवेतली वाफ जमिनीवर नुसती जमली तर ती क्षार बरोबर घेऊन येत नाही. म्हणजे कडेला तरी पाणी आतून येतंय. पण "काही दिवशी ओलसर" हे जे लिहिलंय ते मला वेगळं वाटतं, खालून येणारी ओल दिवस बघून येत नाही, दमट हवेच्या दिवशी तेवढी जमीन ओली होत असेल तर तो भाग हवेतल्या वाफेचा. हवा ३० अंश असेल आणि दमटपणा ८० टक्के, तर २६ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जे काही असेल त्यावर पाणी जमणारच, आणि मातीला टेकलेलं काँक्रीट २४-२५ वर असणं अगदी साधी गोष्ट आहे. म्हणजे खिडक्या उघडून "जरा वारा लागू दे" म्हणालात तर त्या दिवशी ओल वाढते, कमी होत नाही, कारण ती दमट हवा तुम्हीच आत घेताय.

दोन्हीपैकी किती काय आहे ते बघायला सोपी टेस्ट आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, जमीन झाडून कोरडी करा आणि तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करून टाका, हवा जायला फट नको. कमीत कमी १६ तास ठेवायचा असतो, मी म्हणेन दोन-तीन दिवस राहू द्या. थेट ऊन पडतं तिथे लावू नका. मग बघा, प्लास्टिकच्या खाली थेंब आलेत किंवा खालचं काँक्रीट काळपट झालंय तर पाणी खालून किंवा काँक्रीटच्याच पोटातून येतंय, प्लास्टिकच्या वर ओल आणि खाली कोरडं तर हवेतली वाफ. बेडरूममध्ये एक बाहेरच्या भिंतीजवळ, एक मधोमध आणि हॉलमध्येपण लावा, प्लास्टिक अंथरलं होतं म्हणून हॉल सुटला असं धरू नका, अंथरलेल्या प्लास्टिकचे जोड एकमेकांवर किती घेतले आणि टाकताना पायाखाली फाटलं का हे आता कोणाला माहीत. एक लक्षात असू द्या, या टेस्टमध्ये ओल दिसली तर ती आहेच, पण नाही दिसली तर खात्रीने नाही असं म्हणता येत नाही, कारण पोटातलं पाणी वर यायला वेळ लागतो. महागडी फरशी किंवा लाकूड टाकायचं असेल तेव्हा काँक्रीटला भोक पाडून आतला दमटपणा मोजणारं मीटर लावतात, ते खरं.

काँक्रीट किती जुनं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. ठोकताळा असा की एक इंच जाडी सुकायला साधारण एक महिना, तोही वर छप्पर झाल्यापासून आणि हवा कोरडी असेल तर. म्हणजे ४ इंचाला चार महिने, आणि हॉलसारखं खाली प्लास्टिक असेल तर सुकायला एकच बाजू उरते, वरची. क्युरिंगचे दिवस यात धरू नका, क्युरिंगमध्ये आपण पाणी मुद्दाम ठेवत असतो.

आता केमिकलच्या आधीचं काम. घराबाहेर जा आणि त्या बेडरूमच्या भिंतीला लागून काय आहे ते बघा. बाहेरची माती आतल्या जमिनीच्या पातळीला आलीय का? आतली जमीन बाहेरच्या मातीपेक्षा निदान ६ इंच उंच पाहिजे, जास्त असेल तर उत्तमच. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत मातीला ६ इंच उतार पाहिजे, पाणी घरापासून लांब जायला. छपराचं पाणी कुठे पडतंय, पाइप भिंतीच्या बुडाशीच सोडलाय का, भिंतीला चिकटून झाडांचा वाफा केलाय आणि त्याला रोज पाणी घालताय का? घर स्वतः बांधताना खणलेली माती भिंतीलाच ढीग करून ठेवलेली असते आणि ती तिथेच राहते, हे तर इतकं कॉमन आहे की मी तुमच्याकडेही तेच असेल असं धरूनच चाललेय. हे सगळं फावड्याचं काम आहे, आणि बऱ्याचदा कडेची अर्धी ओल इथेच संपते. जोत्याच्या पातळीला भिंतीत डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, टाकलाय ना? नसेल तर जमिनीवर काहीही केलंत तरी लोणा भिंतीतून चढतच राहणार, ते वेगळं प्रकरण होईल.

ज्या बेडरूमचं काँक्रीट अजून टाकायचंय तिथलं आधी सांगते, कारण तिथे सगळं हातात आहे आणि नंतर लाख रुपये घालूनही ते परत हातात येत नाही. भराव थरथराने, पाणी मारून, धुम्मस करून दाबून घ्या, नाहीतर नंतर तो बसतो आणि वरचं काँक्रीट पोकळीवर राहून तडकतं. त्यावर ४ ते ६ इंच खडीचा थर, खडी धुतलेली, बारीक माती-चुरा नसलेली, २० मिलिमीटरच्या आसपासची. खडीच्या मधल्या जागा मोठ्या असतात म्हणून पाणी त्यातून वर चढू शकत नाही, चुरा मिसळला की चढतं, म्हणजे खडीचा सगळा उपयोग ती स्वच्छ असण्यातच आहे. वर टोकं झाकण्यापुरती वाळू. मग प्लास्टिक, आणि इथे बाजारातलं पातळ झाकायचं प्लास्टिक नको, २५० मायक्रॉन म्हणजे १००० गेजचं घ्या, ३०० मायक्रॉन मिळालं तर आणखी बरं. जोड ६ इंच एकमेकांवर आणि त्यासाठीच्या टेपने चिकटवलेला. भिंतीशी प्लास्टिक वर वळवून डीपीसीला भिडवायचं, हे लोक विसरतातच. मधे व्यवस्थित प्लास्टिक आणि कडेला दोन बोटं फट, मग पाणी कडेने येतं आणि मालक म्हणतो प्लास्टिक टाकूनही उपयोग नाही झाला. पाइप जिथून वर येतात तिथे गोल कापून भोवती वेगळा तुकडा टेपने बांधा. सळया बांधताना जाळी ओढू नका, उचलून ठेवा, आणि काँक्रीट ओतायच्या आधी अनवाणी किंवा मऊ तळव्याची चप्पल घालून एकदा फिरून फाटलेलं शोधा, ठिगळं लावा, फोटो काढून ठेवा.

प्लास्टिकवर परत वाळू टाकून मग काँक्रीट टाकायची पण एक पद्धत आहे, काँक्रीटचं जादा पाणी वाळूत जातं म्हणून. मला ती पटत नाही, ज्या खोलीत लाकूड किंवा लॅमिनेट येणार तिथे तर अजिबातच नाही, त्या वाळूत पाणी साठून राहतं आणि पुढे कित्येक महिने वर येत राहतं. काँक्रीट थेट प्लास्टिकवर टाका, पण मग पाणी हात आखडून घाला. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ च्या वर, म्हणजे पाणी सिमेंटच्या निम्म्या वजनाच्या वर, जाऊ देऊ नका, कारण खालून पाणी जायला वाट नाही, पातळ कालवलंत तर वरचा भाग आधी आकसतो आणि कडा वर उचलतात. निदान सात दिवस ओलं ठेवा.

इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा बोर्ड, घालायचं का? हे तुमची जागा गार की गरम यावर आहे आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. जिथे वर्षातले बरेच महिने घर तापवावं लागतं तिथे घाला, डोळे झाकून घाला. जिथे वर्षभर उकाडा आणि हवा कोरडी तिथे जमिनीचा गारवा ही फुकटची सोय आहे, ती कशाला बंद करता. आणि जिथे उकाडा आणि दमटपणा दोन्ही, जमिनीवर थेंब जमतात, तिथे बोर्ड उपयोगी पडतो, कारण मग वरचा पृष्ठभाग मातीच्या तापमानाला न राहता खोलीच्या तापमानाजवळ येतो आणि थेंब जमायचे थांबतात. काँक्रीट स्वतः इन्सुलेशन नाही, जाड केलं तरी नाही. ५० मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, पण जास्त घट्ट) जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट दोन मीटरहून जाड लागेल. उष्णता सगळ्यात जास्त जाते ती कडेने, जिथे काँक्रीट बाहेरच्या भिंतीला भिडतं, म्हणून बोर्ड नुसता सपाट अंथरू नका, कडेला इंचभर जाडीची पट्टी उभी लावा. दाबला जाईल ही भीती नको. घराच्या जमिनीला चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात आणि २०० किलोपास्कलचा बोर्ड म्हणजे चौरस मीटरला २० टन, कायमच्या भारासाठी त्याचा तिसरा हिस्सा धरा तरी खूप झालं. पण आतली विटांची भिंत अशा जमिनीवर उभी करू नका, तिला खाली स्वतःचा पाया द्या.

आता थर्माकोल. तुमचा दुसरा मिस्त्री पूर्ण चुकीचा नाही, थर्माकोल म्हणजे ईपीएस, तो जमिनीत वापरतात. पण फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला नाही, तो चिरडतो. घनमीटरला २० किलो आणि त्याच्या वरच्या घनतेचा, जमिनीसाठीचा म्हणून मिळतो तो घ्या. एक्सपीएस महाग पण पाणी फार कमी पितो, म्हणून मातीच्या बाजूला, प्लास्टिकच्या खाली घालायचा असेल तर एक्सपीएस. या दोघांवरही सॉल्व्हंटवालं डांबर किंवा तसला गोंद लावू नका, बोर्ड विरघळतो, अक्षरशः खड्डे पडतात. पीव्हीसीची वायर बोर्डाला चिकटून नेऊ नका, वायरचं आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकतं, पाइपमधून न्या. वाळवी थर्माकोल खात नाही पण त्यातून बोगदे करून लपून वर येते, तुमच्याकडे वाळवी असेल तर काँक्रीटच्या आधी मातीला औषध मारून घ्या. आणि ते चकचकीत बुडबुड्यांचं शीट कोणी गळ्यात मारायला बघेल, चकचकीत बाजूला समोर हवेची पोकळी लागते, काँक्रीटच्या खाली दाबून टाकलं की तिचा काहीच उपयोग नाही.

बरं, तुमची खरी अडचण, झालेली बेडरूम. आधी बाहेरचं काम, मग एक पूर्ण दमट मोसम जाऊ द्या म्हणणार होते पण तुम्ही तेवढे थांबणार नाही हे पत्राच्या सुरावरून कळतंय. निदान टेस्ट करा. टेस्टमध्ये प्लास्टिकखाली नुसतं काळपट झालं, थोडे थेंब आले, तर वरून उपाय करता येतो. पण पाणी झिरपून साचत असेल, तर वरून काहीही मारलं तरी ते तात्पुरतं, तिथे बाहेर भिंतीलगत चर खणून खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाणी काढूनच द्यावं लागेल.

वरून उपाय म्हणजे काय ते सांगते. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने काढा, धुवू नका, धुतला की क्षार विरघळून परत आत जातात. भेगा उघडून भरा. आता मिस्त्रींचं केमिकल: पाणी खालून येतंय आणि तुम्ही लेप वरून लावताय, म्हणजे पाणी लेपाला मागून ढकलतं. साधा अ‍ॅक्रिलिकचा किंवा डांबरी लेप असा मागून आलेला दाब झेलत नाही, फुगतो आणि पोपडे निघतात. काँक्रीटच्या आत जाऊन स्फटिक करणारं केमिकल चालतं, पण ते पाणी कमी करतं, वाफ पूर्ण थांबवत नाही. वाफ थांबवायला दोन भागांचं इपॉक्सी मिळतं, ओलसर काँक्रीटवर चालेल असं डब्यावर लिहिलेलंच घ्या, आणि त्याआधी जमीन मशीनने घासून घ्यावीच लागते, वरची सिमेंटची साय तशीच ठेवून इपॉक्सी लावलं तर ते सायीसकट निघून येतं. कष्ट आहेत, खर्च आहे.

मला तुमच्यासाठी दुसरा मार्ग जास्त बरा वाटतो. जमिनीवर तेच २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोड टेपलेले, भिंतीला वर वळवलेलं. त्यावर बोर्ड एकमेकांना घट्ट भिडवून, कडेला उभी पट्टी. त्यावर पुन्हा एक पातळ प्लास्टिक, वरच्या मालाचं पाणी सांध्यात जाऊ नये म्हणून, आणि त्यावर सिमेंट-वाळूचा कोबा, पण तो निदान ६५ मिलिमीटरचा पाहिजे, कारण तो बोर्डावर तरंगतो, खाली कशाला चिकटलेला नसतो, दीड इंचाचा केलात तर तडकणार. यात इपॉक्सी लागत नाही आणि गारवाही गेला.

अडचण उंचीची. ५० चा बोर्ड, ६५ चा कोबा, वर लॅमिनेट, म्हणजे जमीन साधारण ५ इंच वर येते. दाराची चौकट बसली असेल तर डोकं आपटेल इतकं खाली येईल. बेडरूम हॉलपेक्षा उंच, म्हणजे दारात पायरी, आणि रात्री उठणाऱ्या माणसाला ती पायरी दिसत नाही. तिथूनच जिना सुरू होत असेल तर पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होईल, आणि जिन्यात एक पायरी वेगळी असली की माणूस अडखळतोच. म्हणून आधी सगळीकडे टेप लावून मापं घ्या. उंची नसेल तर २०-३० मिलिमीटर एक्सपीएस आणि त्यावर कोब्याऐवजी सिमेंट बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येता स्क्रूने एकमेकांना जोडलेले. स्क्रूची लांबी मात्र बघून घ्या, खालच्या प्लास्टिकला भोक पडलं तर सगळी मेहनत गेली. गारवा पूर्ण जाणार नाही पण पायाला फरक कळेल, आणि जमीन दोनच इंच वर येईल.

बाथरूमबद्दल थोडक्यात, कारण तिथे पाणी वरून येतं आणि तुम्ही म्हणताय ते केमिकल तिथेच खरं कामाचं. उतार पाणी जायच्या जाळीकडे, ८० ला १ च्या आसपास, म्हणजे ८० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात गोल वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलाई, पाइपांभोवती आणि कोपऱ्यांत कापडासारख्या जाळीची पट्टी, मग लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर निदान ६ इंच आणि शॉवरपाशी डोक्याच्या वरपर्यंत. सुकल्यावर जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा, पातळीची खूण करा, आणि खूण उतरली तर फरशी लावू नका. फरशी आणि ग्राउट पाणी अडवतात असं समजू नका, त्या दोघांतून पाणी जातं, अडवतो तो खालचा लेप. बाथरूमची तयार जमीन बेडरूमपेक्षा खाली राहिली पाहिजे, आणि म्हणून बेडरूमची उंची ठरल्याशिवाय बाथरूमचं काँक्रीट टाकू नका.

राहिलं लॅमिनेट. ते आतमध्ये लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचं असतं, ओल लागली की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. बॉक्स त्या बेडरूममध्ये काँक्रीटवर ठेवले असतील तर आजच उचला, कोरड्या खोलीत फळ्यांवर आडवे ठेवा, भिंतीला टेकवून उभे नकोत. बॉक्सवर किंवा आतल्या कागदावर जमिनीत किती ओल चालेल त्याची मर्यादा छापलेली असते, ती बघून ठेवा, कोबा सुकला की मीटरने मोजून त्याच आकड्याशी ताडायचंय. आणि ६५ चा नवा कोबा केलात तर तोही सुकायला दोन-अडीच महिने घेणार, त्यामुळे लॅमिनेट परत करण्याची मुदत अजून बाकी असेल तर दुकानदाराशी आत्ताच बोलून घ्या.